स्त्रीधन कोणाच्या पेटींत?

काडीमोड होतेवेळीं पत्नीचे दागिने सासरच्या पेटींत राहिले, तर ते कोणाचे? आमच्या धर्मशास्त्रकारांनीं याचें उत्तर फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार वा बंदिवास या प्रसंगीं पतीनें घेतलेलें स्त्रीधन त्यानें परत केलेंच पाहिजे असें नाहीं, असें याज्ञवल्क्य सांगतो. ही सवलतहि पतीपुरतीच, दीर-सासऱ्यांस नाहीं, असा मिताक्षरेचा अर्थ. कात्यायन तर बळजबरीनें घेतलेलें सव्याज परत करावयास लावितो.

इतकें असूनहि १९८२ सालीं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सासरीं आलेले असे जिन्नस उभयतांच्या ताब्यांत जातात. सबब ते अडकवून ठेवणें हा सामान्यतः फौजदारी विश्वासघात होत नाहीं. एका छपराखालीं राहिल्यानें मालकी पातळ होते, हा तर्क आम्हांस तरी उमजत नाहीं! १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें तो खोडून काढिला: पत्नीचें धन ही सासरीं विश्वासानें सोंपविलेली ठेव, मागूनहि न देणें हा गुन्हा.

पण काय सोंपविलें, याचा पुरावा? त्याच वर्षीं लग्नांतील आहेरांची सह्यांनिशीं यादी ठेवण्याचे नियम झाले. आम्हीं पुष्कळ लग्नें जेवलों. तशी यादी मात्र अद्याप एकदांहि आमच्या पाहण्यांत आली नाहीं.