लाल तारकेचा रकाना

२००९ साली आमच्या तालुक्यातील एका शिष्यवृत्ती न्यासासाठी मी ऑनलाइन अर्ज तयार करून दिला होता. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. दुसऱ्यांच्या वेबपानांचा सोर्स उघडून, त्यात खुडबुड करून जे कळले तेवढेच. 'वडिलांचे नाव' या रकान्यापुढे मी लाल तारका दिली होती. तो भरल्याखेरीज अर्ज पुढे जात नसे. छाननीच्या वेळी एका मुलीच्या अर्जात त्या रकान्यात नुसते एक टिंब आढळले. आईचे नाव, उत्पन्नाचा दाखला, बारावीचे गुण, बाकी सारे नीट होते. 'अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज बाजूला गेला. टिंब टाकायला भाग पाडणारी अट माझी, आणि टिंबाला नाव समजून पुढे सोडणारीही माझीच. ही तारका कुठून आली, हे शोधायला मी त्यानंतर लागलो.

१९९३ च्या सुमारास मोझेक ब्राउझरमध्ये भरण्याजोगे अर्ज आले, तेव्हा तपासणी सगळी दूरच्या सर्व्हरवर होई. अर्ज मोडेममधून कुरकुरत जायचा आणि एक रकाना राहिला म्हणून तसाच परत यायचा. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरपर्यंत जावास्क्रिप्ट, अशी तिची नावे बदलत गेली. अर्ज पाठवण्याआधी जागच्या जागी तपासणे हा तिचा अगदी सुरुवातीचा आणि फार लोकप्रिय झालेला उपयोग. 'हे भरले असेल तर ते भरायलाच हवे' ही अट तिच्यात सहज लिहिता येई. मात्र ती दर वेळी, दर अर्जासाठी, कुणीतरी हाताने लिहावी लागे. ज्याला सुचले नाही त्याच्या अर्जात ती नसे. मला सुचली नव्हती.

ही हातची मजुरी टाळण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. २००३ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूथ्रीसीने एक्सफॉर्म्सला मान्यता दिली. त्यात एखादा रकाना सक्तीचा आहे की नाही, हे दुसऱ्या रकान्यातील उत्तरावर अवलंबून ठेवता येई, तेही प्रोग्रॅम न लिहिता. मोठ्या ब्राउझरांनी मात्र तो स्वतःत सामावून घेतला नाही. जुन्या एचटीएमएलशी त्याचे जुळत नव्हते, हे त्याचे मोठे कारण. २०१४ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल-५ ने 'रिक्वायर्ड' हा शब्द दिला खरा, पण त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच कळते. 'दोहोंपैकी एक तरी' किंवा 'अमुक असेल तरच' हे त्याला सांगण्याची सोय नाही. ते काम पुन्हा जावास्क्रिप्टकडेच आले. माझ्या मते ही या इतिहासातली मोठी हुकलेली संधी आहे.

आता न्यायालयाकडे वळतो, कारण अर्जातला 'किंवा' आधी तिथे लढवला गेला. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी अल्पवयीन मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून आईने काम पाहावे, हे पती-पत्नी दोघांनी मिळून ठरवले होते. तरी वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा न्यायालयीन दाखला आणा, असे सांगून अर्ज परत आला. १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडिलांचा आणि त्यांच्या नंतर आईचा क्रम आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या 'नंतर'चा अर्थ केवळ 'मृत्यूनंतर' असा नसून 'अनुपस्थितीत' असाही आहे, असे ठरवले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा अटीतल्या एका शब्दाचा बदल आहे. त्याला पंधरा वर्षे लागली.

अर्जांपर्यंत तो उशिराच पोचला. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टसाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचे नाव पुरेसे असल्याचे जाहीर झाले. ५ डिसेंबर २०१८ पासून पॅनच्या अर्जात आई एकल पालक असल्याचे सांगितल्यास वडिलांच्या नावाची सक्ती उरली नाही. त्याआधी विवाहित स्त्रीलाही तिथे वडिलांचेच नाव लिहावे लागे.

कायदा बदलला तरी रकाना आपोआप बदलत नाही, हे मला पुढे न्यासाचा अर्ज नव्याने बांधताना कळले. 'आई एकल पालक' या खुणेवर टिचकी मारली की वडिलांचा रकाना दिसेनासा करायचा, एवढेच मी केले. अर्जदार बटण दाबत राहिले आणि काहीच घडेना. ना चूक दिसे, ना अर्ज जाई. लपवलेला रकाना अजून सक्तीचाच होता आणि न दिसणाऱ्या जागी ब्राउझर बोट तरी कुठे ठेवणार! रकाना लपवताना त्याची सक्ती काढावी लागते, किंवा तो निष्क्रिय करावा लागतो. निष्क्रिय रकाना ब्राउझर तपासत नाही. शिवाय हीच तपासणी पान उघडतानाही एकदा चालवावी लागते, कारण मागे जाऊन परतलेल्या माणसाची खूण ब्राउझर कधीकधी जपून ठेवतो. आणि जावास्क्रिप्ट कुणालाही बंद करता येते, म्हणून सर्व्हरवर तीच अट पुन्हा लिहायची.

२००९ ची फाइल मी अजून ठेवली आहे. तिच्यातली अट एका ओळीची: रकाना रिकामा असेल तर थांब. पुढच्या वर्षी मी ती अकरा ओळींची करून दिली आणि न्यासाने ती वापरली. टिंब टाकणाऱ्या मुलीचा अर्ज त्या वर्षीच्या गठ्ठ्यात नव्हता.