एकसर

एकसर : मुंबई उपनगर जिल्ह्यात बोरिवलीच्या पश्चिमेला असलेले जुने गाव. पूर्वी ते ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत असे. आज गावठाणाभोवती उंच इमारती उभ्या आहेत आणि मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर याच नावाचे स्थानक आहे. ठाण्याच्या वर्तकनगराला लागून असलेला येऊरचा डोंगर चढून राष्ट्रीय उद्यानाचे जंगल सरळ पश्चिमेकडे ओलांडता आले, तर माणूस जवळजवळ याच परिसरात उतरेल. रस्त्याने मात्र घोडबंदरचा वळसा घ्यावा लागतो. शिलाहारांच्या काळात डोंगराच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख एकाच सत्तेखाली होता आणि तिची राजधानी होती श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे.

एकसरला इतिहासात जागा मिळाली ती येथील वीरगळांमुळे. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तळ्याच्या पश्चिम काठावरच्या आमराईत ओळीने उभ्या असलेल्या सहा स्मारकशिलांचे वर्णन आहे. महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ सापडतात, पण ते सहसा कमरेएवढे असतात. एकसरचे मोठे वीरगळ सुमारे 10 फूट उंच आणि 3 फूट रुंद आहेत. शिवाय त्यांतल्या काहींवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. महाराष्ट्रात मध्ययुगीन आरमारी युद्धाचे इतके तपशीलवार शिल्प दुसरे नाही.

वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत युद्ध असते आणि त्यात वीर पडतो. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर कलश असतो. एकसरच्या शिलांवर हाच क्रम आहे, फक्त तो अधिक चौकटींमध्ये पसरला आहे. काही शिलांवर जमिनीवरचे युद्ध आहे, त्यात हत्ती आहेत, तलवारी आणि धनुष्ये आहेत. इतरांवर उंच नाळेची, डोलकाठीची, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे एकमेकांवर चालून येतात. वर सशस्त्र सैनिक उभे आहेत, खाली वल्हेकरी ओणवे झालेले आहेत आणि जखमी माणसे पाण्यात कोसळत आहेत. कोरणाऱ्याने जहाजे जवळून पाहिलेली होती, हे शिल्पापुढे उभे राहिल्यावर लगेच जाणवते.

पण या शिलांवर राजाचे नाव किंवा शक सांगणारा लेख हाती लागत नाही. सगळा वाद येथूनच सुरू होतो.

सर्वांत प्रचलित मत असे की, ही लढाई उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात सुमारे 1265 मध्ये झाली. सोमेश्वराचे शिलालेख उरणजवळच्या रानवड आणि चांजे येथे मिळाले आहेत. ते अनुक्रमे शके 1181 व 1182 चे, म्हणजे 1259-60 च्या सुमाराचे आहेत. त्यानंतर तो दिसेनासा होतो. त्याच्या शेवटाची हकीकत हेमाद्रीने दिली आहे. यादवांच्या श्रीकरणाचा, म्हणजे राजदप्तराचा, हा अधिकारी मराठी घरांत हेमाडपंत म्हणून ओळखला जातो. त्याच्या प्रशस्तीनुसार महादेवाच्या हत्तींच्या सैन्यापुढे सोमेश्वर टिकला नाही. तो समुद्रावर गेला आणि तेथे सैन्यासह बुडाला. महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, असे कवीचे म्हणणे. आधी जमिनीवर हत्तींची झुंज, मग समुद्रावर जहाजांची, हा क्रम एकसरच्या शिलांशी नेमका जुळतो. म्हणून वा. वि. मिराशी यांच्यासारख्या शिलाहारांच्या लेखांच्या मोठ्या अभ्यासकानेही हे वीरगळ याच युद्धाशी जोडले आणि ते मत पुढे पाठ्यपुस्तकी झाले. सत्ता पालटली हे तर निश्चित आहे. 1272 च्या ठाण्याच्या ताम्रपटात साष्टीचा कारभार यादव रामचंद्राच्या वतीने अच्युत नायक पाहताना दिसतो.

दुसरे मत या लढाईला अडीचशे वर्षे मागे नेते. माळव्याचा परमार राजा भोज याने 1020 मध्ये दिलेले दोन ताम्रपट बांसवाडा आणि बेटमा येथे सापडले. ही दाने कोकणविजयाच्या पर्वानिमित्त दिली, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. त्या वेळी कोकणात शिलाहार अरिकेसरीची राजवट होती. त्याचा शके 939 चा, म्हणजे 1017 चा ताम्रपट 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना निघाला होता. भोजाची पकड फार टिकली नसावी. 1026 च्या भांडुप ताम्रपटात अरिकेसरीचा पुतण्या छित्तराज श्रीस्थानक आणि षट्षष्टी (साष्टी) या प्रदेशातली जमीन दान देताना दिसतो. शिल्पाची शैली अकराव्या शतकाला जवळची मानणाऱ्यांना भोजाची स्वारी पटते.

माळव्यासारख्या समुद्र नसलेल्या प्रदेशाच्या राजाला आरमार कुठून मिळाले, हा प्रश्न या मताविरुद्ध हटकून विचारला जातो. पण तोच प्रश्न देवगिरीच्या यादवांनाही लागू आहे. देवगिरीहून जहाजे येत नाहीत. दोघांनाही ती किनाऱ्यावरच्या कोणाकडून तरी मिळवावी लागली असणार. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला मिळालेला शके 848 चा, म्हणजे 926 चा ताम्रपट येथे फार उपयोगी पडतो. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या मधुमती या अधिकाऱ्याने आसपासच्या बंदरांचे नायक जिंकून तेथे आपली माणसे नेमल्याचे त्यात सांगितले आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद, असे अभ्यासक मानतात. म्हणजे समुद्रावरची ताकद राजधानीत नव्हती, ती बंदराबंदरांच्या नायकांकडे होती. राजाने त्यांना जिंकायचे किंवा आपल्या बाजूला वळवायचे, की मग जहाजे हाती येत.

शिवाय 1020 आणि 1265 या दोनच तारखांवर अडून बसण्याचे कारण नाही. मधल्या काळात उत्तर कोकण शांत नव्हते. खारेपाटणच्या 1094 च्या ताम्रपटात शिलाहार अनंतदेव सांगतो की, आप्तांच्या भांडणात संधी साधून कोकण उद्ध्वस्त करणाऱ्यांना त्याने आपल्या तलवारीच्या धारेच्या सागरात बुडवले. गोव्याच्या कदंबांनी, विशेषतः पहिल्या जयकेशीने, कापर्दिक द्वीपाच्या राजाचा वध केल्याची बढाई मारली आहे. हे द्वीप म्हणजे उत्तर कोकण. बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपालाच्या सेनापतीने शिलाहार मल्लिकार्जुनाला मारले. या युद्धांपैकी कोणत्याही एकात साष्टीजवळच्या पाण्यात जहाजे भिडली असू शकतात. कदंब तर आरमारी सत्ताच होते. जहाजाचे शिल्प असलेला एक वीरगळ जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आजही पाहता येतो.

या वादात एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, ती म्हणजे वीरगळ कोण उभारतो आणि कोणासाठी. बहुतेक वीरगळ राजासाठी नसतात. लढताना पडलेल्या नायकाचे, सरदाराचे, गावच्या रक्षकाचे ते स्मारक असते, आणि ते त्याचे कुटुंब किंवा गाव उभारते. सोमेश्वर बुडाला तेव्हा त्याची सत्ताही संपली होती. पराभूतांच्या बाजूच्या घराण्याला 10 फुटी शिला उभ्या करण्याइतकी संपत्ती आणि मोकळीक यादवांच्या अमलात राहिली असेल का? की हे विजयी बाजूने लढून पडलेले नायक होते? सहाही शिला एकाच युद्धाच्या आहेत, हेदेखील गृहीतच आहे. समुद्रावर नोकरी करणाऱ्या एकाच घराण्यातल्या दोन-तीन पिढ्यांची ती स्मारके असू शकतात. राजांच्या प्रशस्तीशी जुळवून घेण्याच्या घाईत शिलांचे स्वतःचे म्हणणे मागे पडले, असे येथे ठामपणे नोंदवावेसे वाटते.

नाव नसलेल्या पुराव्याला राजाचे नाव चिकटवण्याचा मोह केवळ कोकणातला नाही. 1977 मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी ग्रीसमधील व्हेर्गिना येथे मॅसिडोनियाच्या राजघराण्याचे न लुटलेले थडगे उघडले. आत सोन्याची पेटी, शस्त्रे आणि दहन केलेल्या अस्थी होत्या, पण नाव कुठेच नव्हते. हे थडगे अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप, ज्याचा इ. स. पू. 336 मध्ये खून झाला, त्याचे असे आंद्रोनिकोस यांनी मांडले. इतरांना ते अलेक्झांडरचा सावत्र भाऊ फिलिप अऱ्हिडाइयोस याचे वाटते, तो इ. स. पू. 317 मध्ये मारला गेला. दोघांत अंतर अवघे वीस वर्षांचे. तरी भांड्यांची घडण, छताची रचना, हाडांवरच्या खुणा अशा प्रत्येक गोष्टीवर अभ्यासकांनी चार दशके बारकाईने वाद घातला आणि त्यातून मॅसिडोनियाच्या शस्त्रांविषयी व अंत्यविधींविषयी अपार माहिती हाती आली. एकसरच्या दोन मतांत अडीच शतकांचे अंतर आहे, आणि तरीही या शिलांवर अशी मेहनत झालेली नाही.

ती करण्याजोगी सामग्री जवळच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे 1060 चा लेख आहे. त्यामुळे तेथील शिल्पे तारखेला बांधलेली आहेत. त्यांतले दागिने, केशरचना, शस्त्रे आणि हत्तींचे साज एकसरच्या आकृतींशी चौकट-चौकट ताडून पाहता येतील. जहाजांच्या नाळेचा कोन, डोलकाठ्या आणि वल्ही मोजून गोव्याच्या शिलेशी तुलना करता येईल. 2015 च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने साष्टी बेटावर गावोगाव फिरून पुरावशेषांची नोंद केली, तेव्हा तेथे अजून किती वीरगळ आणि गधेगळ (शापवचनाच्या शिला) उघड्यावर पडून आहेत ते पुढे आले.

एकसरचे गावकरी या शिलांना देव मानून पुजतात आणि त्यांना रंगही देतात. इतक्या बांधकामांतून त्या वाचल्या याचे मोठे श्रेय या श्रद्धेचेच आहे. पण तैलरंगाच्या थरांखाली चेहरे, दोऱ्या आणि वल्ह्यांच्या रेषा बुजत जातात, आणि काळ ठरवायला नेमक्या त्याच रेषा लागतात. गावाला विश्वासात घेऊन रंग उतरवणे, प्रत्येक चौकटीचे त्रिमितीय चित्रण करणे आणि वर छप्पर घालणे ही तीन कामे खर्चाने फार मोठी नाहीत. वीरगळांव्यतिरिक्त एकसरच्या आसपास पाहण्यासारखे म्हणजे दहिसर नदीच्या बाजूची मंडपेश्वर लेणी; पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या शैव लेण्यांचा चर्च म्हणून वापर केला आणि त्यांच्या इमारतीचे अवशेष लेण्यांच्या माथ्यावर अजून उभे आहेत.