जीपसाठी दार निवडताना

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा उजाडला, की जुन्या जीपगाड्यांचे मालक कुशनवाल्यांच्या दुकानांकडे वळू लागतात. फाटलेले हूड शिवून घ्यायचे असते, पिवळी पडलेली प्लॅस्टिकची खिडकी बदलायची असते. याच भेटीत बहुधा एक प्रश्न निघतो, की कापडी दारे काढून पत्र्याची का बसवू नयेत? दुकानदाराचे उत्तर तयार असते, कारण विकायला त्याच्याकडे दोन्ही असतात. मालकाने मात्र निर्णय घेण्यापूर्वी थोडा वेळ काढणे आवश्यक आहे. जीपच्या दाराकडे पाऊस अडवणारा आडोसा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः गाडी कलंडली किंवा बाजूने धडक बसली, तर प्रवासी आत राहतो की बाहेर फेकला जातो, हे सीटबेल्टच्या खालोखाल दारावरच अवलंबून असते.

मुळात जीपला दार नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून तयार झालेल्या विलीज जीपमध्ये दाराच्या जागी आडवा पट्टा असे. सैनिकाला क्षणात उडी मारून उतरता यावे, हा त्यामागचा हेतू होता. थंडी-पावसासाठी ताडपत्रीचे पडदे मिळत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे उत्पादनही केले. शेतावर, धरणांच्या बांधकामावर, वनखात्यात आणि तहसील कचेऱ्यांत दिसणाऱ्या त्या गाड्यांनाही कापडी दारेच असत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वडाप म्हणून धावणाऱ्या जीपगाड्यांनी तर दाराची अडचणच ठेवली नाही. त्या मोकळ्या जागेत एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून अनेकांनी बाजारगाव गाठले आहे. किती जण त्यातून खाली पडले, याची आठवण त्या रस्त्यांवरच्या गावांना आहे.

पुढे चित्र बदलले. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीला छत कापडी असले तरी दारे पत्र्याची आणि काचेची होती. २०१० ची पहिली थार कंपनीकडून कापडी छतासह आली. २०२० च्या दुसऱ्या पिढीत पक्क्या छताचे प्रकारही मिळू लागले आणि दारे नेहमीच्या मोटारीसारखी झाली. त्यामुळे दार निवडण्याचा प्रश्न आज प्रामुख्याने जुन्या जीप, एमएम ५४०, क्लासिक, कमांडर आणि पहिल्या पिढीतील थार बाळगणाऱ्यांपुढे आहे. नव्या गाडीची दारे हौसेखातर काढू पाहणाऱ्यांनाही तो लागू होतोच.

कापड, अर्धा पत्रा, पूर्ण पत्रा

कापडी दार म्हणजे लोखंडी सळईची किंवा नळीची चौकट, त्यावर ताणलेले कॅनव्हास वा रेक्झिन आणि मध्ये पारदर्शक प्लॅस्टिक. चौकटीच्या दोन खिळ्या गाडीच्या अंगावरील कड्यांत वरून सोडल्या, की दार बसले. ते हलके असते, एकट्याला मिनिटभरात काढता येते, गुंडाळून मागे टाकता येते आणि फाटले तर तालुक्याच्या गावी शिवून मिळते. दोष तितकेच ठळक आहेत. त्याला खरे कुलूप नसते. असले तरी चाकूपुढे त्याचा उपयोग नाही. वेग वाढला की ते फडफडते. प्लॅस्टिकवर ओरखडे पडले, की रात्री समोरच्या गाडीच्या प्रकाशात काहीही दिसेनासे होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते माणसाचे वजन पेलत नाही. घाटातल्या वळणावर डुलकी लागलेला प्रवासी त्यावर रेलला आणि खिळी कडीतून सुटली, तर पुढे काय होईल हे सांगावे लागू नये.

अर्धे दार कमरेपर्यंत पत्र्याचे असते. वरचा भाग मोकळा राहतो किंवा त्यावर काढता येण्याजोगी प्लॅस्टिकची खिडकी बसते. डोंगरात गाडी चालवणाऱ्यांची याला पसंती असते आणि त्यात तथ्य आहे. दगडांतून गाडी काढताना पुढचे चाक नेमके कोठे टेकते आहे, हे चालकाला मान जरा बाहेर काढून पाहता येते. बिजागऱ्या आणि खटका पक्का असेल, तर बसलेल्या माणसाचे कंबर आणि मांडी आत राहते. मात्र मोकळ्या वरच्या भागातून हात बाहेर जातो. गाडी कलंडू लागली की माणूस नकळत हात बाहेर काढून जमिनीला टेकवू पाहतो आणि नेमका तोच हात गाडीखाली सापडतो. अर्धे दार लावणाऱ्याने हात आत ठेवण्याची सवय प्रवाशांनाही लावली पाहिजे. झुडपांतून जाणारी वाट असेल, तर करवंदीचे काटे हा धडा आपसूक देतात.

अलीकडे वाकवलेल्या नळीची दारेही दिसतात. ती छायाचित्रात उठून दिसतात. पाऊस, धूळ आणि चोर यांपैकी कोणालाच ती अडवत नाहीत. माणसाला अडवतात की नाही, हे त्यांची बिजागरी कशावर बसवली आहे यावर ठरते.

पूर्ण पत्र्याचे दार शहरात राहणाऱ्याला सोयीचे, यात शंका नाही. गाडी कुलूपबंद करून सोसायटीच्या आवारात किंवा स्टेशनबाहेर ठेवता येते, महामार्गावर बोलणे ऐकू येते, लहान मुलांना मागे बसवताना धाकधूक कमी होते. बदल्यात वजन वाढते आणि दगडांतल्या वाटेवर चाक दिसेनासे होते. ज्या जीपची पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, तिची ही गंमतही संपते, कारण चौकटीच्या दाराचा वरचा कोपरा उभ्या काचेच्या चौकटीलाच टेकतो. फायबरची पूर्ण दारे वजनाला हलकी आणि न गंजणारी असली, तरी त्यांच्या आत लोखंडी चौकट आहे काय, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नुसत्या फायबरमध्ये घट्ट केलेली बिजागरी खडबडीत रस्त्यावर लवकर ढिली होते.

पूर्ण दार लावल्याने गाडी सर्वस्वी सुरक्षित झाली, असा एक गैरसमज आढळतो. जुन्या जीपवरचे हूड ज्या कमानींवर ताणलेले असते, त्या केवळ कापड तोलण्यासाठी असतात. गाडी उलटल्यास त्या वाकतात आणि दार छताला आधार देत नाही. त्यासाठी चासीला जखडलेला रोल केज लागतो, तो वेगळा विषय आहे. आणि सीटबेल्ट नसेल तर दाराचा विचार करणेच व्यर्थ. दोन्हींपैकी एकाच गोष्टीसाठी पैसे असतील, तर ते आधी बेल्टवर खर्च करावेत.

पाऊस, धूळ आणि धूर

आंबोली किंवा ताम्हिणीचा पाऊस वरून पडतो तितकाच आडवाही येतो. कापडी दारात पाणी शिरते ते बहुधा दोन ठिकाणी, पुढच्या काचेच्या चौकटीलगत आणि खाली पायाशी. तेथे कापडाची पदराएवढी दुमड ठेवून ती बाहेरच्या अंगाला सोडली, तर पाणी ओघळून जाते. ही दुमड ठेवणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नये. किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा धातूची चेन काही पावसाळ्यांतच जाम करते, म्हणून खिडकीला प्लॅस्टिकच्या दात्यांची जाड चेन घ्यावी.

धुळीचे गणित अधिक फसवे आहे आणि त्याच्याशी जिवाचा संबंध आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. पुढची दारे घट्ट बंद आणि मागचा पडदा उघडा असेल, तर मागची धूळ आत ओढली जाते. तिच्याबरोबर सायलेन्सरचा धूरही येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे, पेंग येणे ही त्याची लक्षणे प्रवाशांना दमल्यासारखी वाटतात. मागे मुले झोपलेली असतील तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कापडी छताच्या गाडीत एक नियम पाळावा. मागचा पडदा वर बांधला असेल तर पुढच्या खिडक्याही उघड्या ठेवाव्यात, आणि पुढे बंद करायचे असेल तर मागचा पडदाही बंद करावा. जुन्या जीपला पूर्ण दारे बसवून मागची बाजू मोकळी ठेवण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे.

पाण्यातून जाण्याबाबत बोलायचे तर ओढ्यातल्या गुडघाभर पाण्यात दाराचा प्रकार फारसा फरक पाडत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी थांबवावी. तेथे पूर्ण पत्र्याचे दार उलट अडचणीचे ठरते, कारण बाहेरून पाण्याचा दाब असताना ते आतून ढकलून उघडत नाही.

बसवताना

चांगले दार वाईट बसवले, तर ते वाईट दारच होय. जीपची बॉडी सांगाड्यासारख्या चासीवर रबराच्या गादीसह बसवलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असे झाले, की चासी पिळवटते आणि बॉडीही काही प्रमाणात तिच्याबरोबर वळते. सपाट जमिनीवर टक्कन लागणारे दार अशा वेळी एक तर अडकून बसते किंवा खटका सुटून उघडते. म्हणून गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना एक मागचे चाक फुटपाथच्या कडेवर चढवावे आणि तशा स्थितीत दोन्ही दारे उघडून लावून पाहावीत. डेंटरला हे आवडत नाही. तरीही पाहावे.

बिजागरी नुसत्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली नसावी. आतून जाड पट्टी देऊन ताण पसरवलेला असावा, अन्यथा वर्षभरात बोल्टभोवती पत्र्याला चिरा पडतात आणि दार खाली लोंबू लागते. खटका दोन टप्प्यांत लागणारा असावा. मोटारीचे दार अर्धवट लागले तरी पहिल्या टप्प्यावर अडकून राहते, सताड उघडत नाही. त्यामागे हीच रचना असते. जुन्या पद्धतीची एकेरी कडी ही सोय देत नाही. दार किती उघडावे यावर बंधन घालणारी पट्टीही हवी, नाहीतर वाऱ्याच्या झोतात ते पूर्ण फिरून पुढच्या मडगार्डवर आदळते. रबरी बीडिंग नीट बसले की नाही, हे पाहायला कागदाचा कपटा पुरतो. तो मध्ये ठेवून दार लावावे आणि ओढावा. सहज निघाला तर तेथून पाणी येणार.

मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा जीप नव्याने बांधून देण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणातील मंडी डबवालीत तयार दारांचे जोड मिळतात. परंतु जुन्या जीपच्या बॉड्या हातांनी ठोकलेल्या असल्याने दोन गाड्यांच्या दाराची मापे तंतोतंत जुळतीलच असे नाही. दार आणून गाडीत बसवण्यापेक्षा गाडी नेऊन दार करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

कागदोपत्री

येथे अनेकांची गफलत होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात निर्णय देताना, निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, हे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. फाटलेल्या कापडी दाराऐवजी तसेच नवे दार लावणे ही दुरुस्ती झाली. कापडी छताची म्हणून नोंदलेल्या गाडीवर पक्के छत आणि पूर्ण दारे चढवणे मात्र बदलात गणले जाऊ शकते. काम करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा करून लेखी परवानगी घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

दारे काढून फिरण्याची हौस असणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगाव येथे जुळणी सुरू झालेल्या जीप रँग्लरची दारे मुळातच काढता येतील अशी आहेत. तथापि तिचे बाजूचे आरसे दारालाच जोडलेले असल्याने दाराबरोबर आरसेही जातात. अमेरिकेत फोर्डने नव्या ब्राँकोचे आरसे दारावर न ठेवता बॉडीवर बसवले, ते याचसाठी. आरशाविना महामार्गावर येणे बेकायदा तर आहेच, शिवाय ट्रकच्या गर्दीत ते आत्मघातकी आहे. थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या अवस्थेतील गाडीला, दारे काढलेल्या गाडीला नव्हेत.

एकूण विचार करता, आठवड्याचे सहा दिवस शहरात आणि एखादा रविवार लोहगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्या गाडीला पूर्ण पत्र्याची दारे योग्य, परवानगी मिळत असेल तर. शेतावर आणि कच्च्या वाटांवरच राबणाऱ्या गाडीला पक्क्या खटक्याचे अर्धे दार आणि वरची सुटी खिडकी पुरते. कापडी दारे जुन्या जीपचे मूळ रूप जपणाऱ्यांनी अवश्य ठेवावीत, परंतु त्या बाजूला मूल बसवू नये.

देखभालीचे काम थोडेच असते. पत्र्याच्या दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी काडीने मोकळी करावीत. प्लॅस्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबण लावावा. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास ती कायमची धुरकट होते. काढून ठेवलेली दारे एकावर एक रचू नयेत, जुन्या गोधडीवर उभी ठेवावीत. कापडी दार ओले असताना गुंडाळले तर दिवाळीपर्यंत त्यावर बुरशी आलेली असते.