धर्मशाळेतली गाठोडी

परवा संगणकाची साफसफाई काढली. लिनक्समध्ये तात्पुरत्या फाइलींसाठी 'टीएमपी' नावाचा फोल्डर असतो. तिथे डोकावलो तर कधी न पाहिलेली, विचित्र नावे! आधी वाटले, व्हायरस. सगळे पुसणारच होतो, पण म्हटले, आधी चौकशी करू.

हा फोल्डर युनिक्सचा वारसा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सचे काम सुरू केले. एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे, म्हणून ही सामायिक जागा. धर्मशाळाच म्हणा ना! अडचण एवढीच, की जिथे सर्वांना लिहायची मुभा, तिथे दुसऱ्याचे पुसायचीही मुभा. कुणीही कुणाचेही गाठोडे फेकून द्यावे!

उपाय सापडला एका जुन्या खुणेत. 'स्टिकी बिट' १९७४ साली आले ते वेगळ्याच कामासाठी: नेहमी लागणारा प्रोग्राम संपल्यावरही डिस्कवरच्या राखीव जागेत 'चिकटून' राहावा, म्हणजे पुढच्या वेळी चटकन सुरू होईल. १९८६ साली बर्कलेच्या ४.३ बीएसडीने तीच खूण फोल्डरला लावली आणि अर्थ बदलला: ज्याची फाइल, त्यानेच पुसावी. परवानग्यांच्या ओळीत शेवटी 'टी' दिसतो, तो हाच.

मग ओळख कशी पटवायची? फाइलींच्या यादीत मालक आणि तारीख दिसते. 'फाइल' हा आदेश नावावर विसंबत नाही, आतला मजकूर तपासून प्रकार सांगतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी लिहिलेला 'एलएसओएफ' सांगतो, की ती फाइल कोणता प्रोग्राम उघडून बसला आहे.

चौकशीत कळले, 'एक्स ११ युनिक्स' म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या, १९८७ सालच्या एक्स ११ प्रणालीचा संपर्काचा दरवाजा. 'सिस्टमडी प्रायव्हेट' म्हणजे पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांना दिलेल्या स्वतंत्र खोल्या. आणि 'एलयू'ने सुरू होणारे, सर्वांत संशयास्पद वाटलेले नाव? ते लिब्रे ऑफिसचे. त्यात माझाच अर्धवट लेख उघडा होता! ज्याला घुसखोर समजलो, तो माझ्याच कामाला आला होता.

गंमत अशी, की स्टिकी बिटचा नियम 'रूट'ला, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याला, अडवत नाही. घरच्या संगणकावर तो पासवर्ड माझ्याच हातात. म्हणजे त्या दिवशी मला अडवणारे कुणीच नव्हते, फक्त चौकशी.

असो. बाकीची गाठोडी तशीच ठेवली आहेत.