खोदलेल्या रस्त्यावरची चिलखती मोटार

आयर्लंडच्या यादवी युद्धात नव्या सरकारच्या सैन्याकडे ब्रिटिशांनी दिलेल्या १३ रोल्स-रॉइस चिलखती मोटारी होत्या. धनिकांची लाडकी ‘सिल्व्हर घोस्ट’, तिचाच सांगाडा. वर पोलादी कवच आणि फिरत्या बुरुजात व्हिकर्स मशीनगन. ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध करणाऱ्या रिपब्लिकनांकडे चिलखतभेदी असे काहीच नव्हते. तरी या मोटारींनी युद्ध जिंकले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

रिपब्लिकन मोटारीशी लढतच नसत. ते रस्त्याशी लढत. चर खणायचे, पूल उडवायचे, झाडे आडवी पाडायची. हे तंत्र त्यांनी ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यात घोटून घेतले होते. सरकारी सैन्याने मग समुद्र गाठला. २ ऑगस्ट १९२२ रोजी फेनिट बंदराच्या धक्क्यावर जहाजातून चिलखती मोटार उतरली, तिचे नाव ‘एक्स-म्युटिनियर’. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत रिपब्लिकन बंडखोरांनी बाळगलेली ही ‘म्युटिनियर’ त्यांच्या शरणागतीनंतर सरकारने नव्याने बारसे करून वापरात आणली होती. ८ ऑगस्टला कॉर्कजवळ पॅसेज वेस्टला असेच सैन्य उतरले. बंदरे आणि शहरे पडली. डोंगर मात्र रिपब्लिकनांकडेच राहिले.

२२ ऑगस्टला सरसेनापती मायकेल कॉलिन्स वेस्ट कॉर्कच्या दौऱ्यावर होते. पुढे मोटारसायकलस्वार, मागे सैनिकांचा ट्रक, मग कॉलिन्स यांची उघडी मोटार आणि शेवटी ‘स्लीव्हनामन’ ही रोल्स-रॉइस. इतर रस्ते उखडलेले असल्याने ताफ्याला बेल ना ब्लाहमधूनच जावे लागले. सकाळी तिथे रस्ता विचारताना ताफा हेरला गेला होता. संध्याकाळी परतताना रस्त्यात गाडा आडवा लावलेला होता. गोळीबार सुरू होताच कॉलिन्स पुढे निसटण्याऐवजी उतरून लढले. बुरुजातली मशीनगन ऐनवेळी अडकत राहिली. चकमकीत ठार झाले ते एकटे कॉलिन्स.

त्याच वर्षी डिसेंबरात ‘स्लीव्हनामन’ची मशीनगन चालवणारा मॅकपीक मोटारीसकट शत्रूला जाऊन मिळाला! पण तिकडेही ती फार दिवस उपयोगी पडली नाही. खणलेल्या रस्त्यांनी तिचीही कोंडी केली, आणि सरकारी सैन्याला ती डोंगराळ भागात टाकून दिलेली सापडली.

रिपब्लिकनांच्या तोडफोडीतून लोहमार्गही सुटले नव्हते. तेव्हा सैन्याने लान्चिया ट्रकांना रेल्वेची चाके बसवली आणि ते गस्तीसाठी रुळांवर सोडले.