एचपीव्ही म्हणजे काय? तिशीनंतरची एक तपासणी जीव वाचवते, याचा पुरावा मराठवाड्यातल्याच गावांनी दिलाय

गर्भाशयमुखाचा, म्हणजेच पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच रोखता येतो. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे सव्वा लाख महिलांना हा आजार झाला आणि जवळपास ८० हजार महिलांचा जीव गेला. या आजारामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं, ते म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस अर्थात एचपीव्ही.

एचपीव्ही कसा पसरतो?

हा विषाणू लैंगिक संबंधातून, त्वचेच्या संपर्कातून पसरतो. तो इतका सर्रास आढळतो की लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो. त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर शंका घेण्याचं कारण नाही. निरोधमुळे धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही.

बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही महिलांमध्ये मात्र तो टिकून राहतो आणि गर्भाशयमुखाच्या पेशी बदलू लागतात. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या महिलांमध्ये हा काळ कमी असतो. तंबाखू, कमी वयातलं बाळंतपण आणि जास्त बाळंतपणं यांमुळेही धोका वाढतो. पुरुषांनाही एचपीव्हीमुळे घशाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कॅन्सर होऊ शकतो.

मराठवाड्यात काय सिद्ध झालं?

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना पैठण तालुक्यातलं पाचोड लागतं. याच महामार्गावर पुढे धाराशिव आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास केला.

एका गटातल्या ३४,१२६ महिलांना एकदाच एचपीव्ही तपासणीची सोय देण्यात आली. दुसऱ्या गटातल्या ३१,४८८ महिलांना नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांत पहिल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, दुसऱ्यात ६४. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरात एचपीव्ही तपासणीला बळ मिळालं.

पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के महिलांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतली होती.

तपासणी कुठली करायची?

जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी करण्याचा सल्ला देते. ही सोय नसेल तिथे गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून पाहण्याची व्हीआयए तपासणी होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ती ठरावीक काळाने केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तपासणीत पेशींमधला बदल दिसला, तर बहुतेकदा तेवढाच भाग छोट्या उपचाराने काढता किंवा नष्ट करता येतो. अंगावरून पांढरं जातंय म्हणून, कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढून टाकणं हा उपाय नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांमध्ये पिशवी काढण्याचं प्रमाण मोठं असल्याचं समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती.

लस कधी घ्यायची?

विषाणूशी संपर्क येण्याआधी. म्हणूनच ९ ते १४ हे वय सर्वांत योग्य मानलं जातं. लवकर लग्न होणाऱ्या मुलींसाठी ही वेळ आणखी महत्त्वाची ठरते. पाचोडची आरोग्य व्यवस्थापन संस्था किशोरवयीन मुलींचं आरोग्य आणि लग्नाचं वय यांवर अनेक वर्षं काम करतेय. लसीकरणाचा विषय याच वयाशी जोडलेला आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. लस असलेल्या संसर्गावर उपचार करत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या महिलांनीही तिशीनंतर तपासणी करायलाच हवी.

लशीबद्दलच्या व्हायरल मेसेजमध्ये तथ्य किती?

आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून वाद झाला आणि २०१० मध्ये लसीकरण थांबलं. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले गेले.

या बंदीमुळे पुणे, बार्शीसह देशभर सुरू असलेल्या वेगळ्या अभ्यासातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षांच्या पाठपुराव्यात तो एक डोसही १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण देतो, असं दिसलं.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

- संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेल्यास
- अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असल्यास
- ओटीपोटात सतत दुखत असल्यास

त्रास नसतानाच केलेली तपासणी सर्वांत उपयोगी. तिची आणि लशीची माहिती आशाताईंकडे किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारता येईल. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरमध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.