शिकाऱ्याचं जाकीट आणि पारध्याचा बैल

आज मी मैलापूरहून बोलतोय. व्हिडिओत माझ्या मागे जो तलाव दिसतो, तो कपालीश्वराच्या देवळाचा. तमिळमध्ये मोराला ‘मयिल’ म्हणतात, आणि मैलापूर हे नाव त्यावरूनच आलं असं इथे मानतात. पार्वतीने लांडोरीच्या रूपात इथे शंकराची पूजा केली, अशी स्थळकथा आहे. तेव्हा पाखरांविषयी बोलायला ही जागा वाईट नाही.

विषय मात्र पाखरं मारण्याचा आहे. एका तरुण प्रेक्षकाने विचारलं होतं, “परदेशात तित्तर-लाव्यांच्या शिकारीसाठी खास जाकिटं मिळतात. ती कशी निवडतात? आणि आपल्याकडे असं काही होतं का?” आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवानेच संपले. त्यामुळे आजचं बोलणं इतिहासाचं आहे, खरेदीचं नाही.

आमच्या घरी असं एक जाकीट होतं. माझे आजोबा मूर्तिजापूरकडचे. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती. जाकीट जाड खाकी ड्रिलचं, गावातल्याच शिंप्याने शिवलेलं. लहानपणी ते खुंटीवर टांगलेलं असायचं आणि आम्ही मुलं त्याच्या खिशांत हात घालून बोटं हरवायचो. त्याची शिवण कशी होती ते सांगितलं, की प्रेक्षकाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

पाणथळीवर शिकारी दबा धरून बसतो आणि बदकं त्याच्याकडे येतात. माळरानावर उलट असतं. तित्तर गवतात दबून बसतो आणि चालायचं काम शिकाऱ्याला करावं लागतं. सकाळपासून दुपारपर्यंत, बोरी-बाभळींतून, नांगरटीतून. म्हणून पहिला विचार वजनाचा. बारा बोरचं एक काडतूस साधारण ४०-४५ ग्रॅमचं, म्हणजे पंचवीस काडतुसं किलोच्या वर जातात. हे ओझं गळ्यात लोंबलं तर तासाभरात मान आखडते. आजोबांच्या जाकिटात काडतुसांच्या पट्ट्या पुढे, कंबरेच्या जरा वर होत्या, दोन्ही बाजूंना सारख्या. उजव्या खांद्यावर शिवण नव्हती, खिसा नव्हता, बटणही नव्हतं, कारण बंदुकीचा दस्ता तिथे टेकतो. पाठीत एक मोठा कप्पा होता. मारलेली पाखरं त्यात टाकायची. तो बाजूने उघडायचा आणि आतून मेणकापडाचं अस्तर, म्हणजे रक्त धुऊन काढता यावं. आजही विलायती जाकीट घेणारा हेच बघतो: खांदा मोकळा आहे ना, वजन कंबरेवर येतं ना, पाठीचा कप्पा धुता येतो ना, काट्यात कापड टिकेल ना.

फरक दिसतो तो रंगात. अमेरिकेत असं जाकीट अनेकदा भडक नारिंगी असतं. पाखरांना रंग चांगले दिसतात, मग ही चूक का? कारण तो रंग पाखरासाठी नसतोच, तो शेजारच्या बंदुकवाल्यासाठी असतो. तित्तर भुर्रकन उडाला की चार जण चार दिशांना नळ्या फिरवतात, आणि झुडपापलीकडचा माणूस वेळेत दिसायला हवा. म्हणजे शिकाऱ्याच्या कपड्यावरून तो कशाला भितो तेही कळतं. आजोबांचं जाकीट खाकी होतं. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वायव्य सरहद्दीवरच्या इंग्रजी पलटणींनी हा धुळीचा रंग अंगावर घेतला. तिथून तो फौजेत पसरला, आणि फौजेतून साहेबाच्या आणि साहेबाचं पाहून आपल्याकडच्या शिकाऱ्याच्या अंगावर आला.

आता त्या फोटोकडे येतो. आजोबांचा एकच शिकारीचा फोटो उरला आहे. जाकीट घातलेलं, बंदूक काखेत, हातात दोन तित्तर. उजव्या कडेला अर्धा बैल दिसतो, आणि त्या बैलाच्या पाठीवर कुणाचा तरी हात. माणूस फोटोबाहेर कापला गेलाय. घरात विचारलं की उत्तर एकच मिळायचं, “तो पारधी. आजोबांबरोबर असायचा.” नाव कुणालाच आठवत नव्हतं. आणि बैल? मी समजत होतो, सामान वाहायला असेल.

त्या बैलाचा उलगडा मला मैलापूरला आल्यावर झाला. एगमोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचे एक प्रमुख होते एडगर थर्स्टन. त्यांनी के. रंगाचारी यांच्या मदतीने दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर सात खंड लिहिले, १९०९ साली मद्रासलाच छापलेले. चौथ्या खंडात ‘कुरुविक्कारन’ अशी एक नोंद आहे. कुरुवि म्हणजे चिमणी, लहान पाखरू. कुरुविक्कारन म्हणजे पाखरंवाले. आज तमिळनाडूत त्यांना बहुतेक लोक ‘नरिक्कुरवर’ म्हणतात, नरी म्हणजे कोल्हा. थर्स्टन सांगतात की हे लोक मराठी बोलणारे पक्षी पकडणारे आहेत, स्वतःला ‘वागिरी’ म्हणवतात आणि इतर लोक त्यांना ‘काट्टु मराठी’ म्हणतात. काट्टु म्हणजे रानातले. रानमराठे!

याच नोंदीत त्यांचं एक तेलुगू नावही दिलं आहे, ज्याचा अर्थ होतो बैलाआड लपून शिकार करणारे. बैलाच्या आडोशाने जायचं आणि पाखरांचा आवाज हुबेहूब काढायचा. हिंदुस्थानीत यांनाच पारधी म्हणतात, असंही तिथे लिहिलं आहे. मी खंड मिटला आणि फोनवर तो फोटो काढून पाहिला. तो बैल सामानाचा नव्हता. तो त्या माणसाचं जाकीट होता.

ही युक्ती किती विचाराची आहे ते पाहा. तित्तराचा स्वभाव असा, की माणूस दिसला तर आधी तो पळतो, फारच जवळ आलं तर उडतो. चरणाऱ्या गुराला मात्र तो भीत नाही, ते रोजच माळावर असतं. म्हणून पारधी बैलाला शिकवतो: दोन पावलं चाल, थांब, गवताला तोंड लाव, जरा तिरका हो. बैलामागे वाकून तो माणूस पाखरांना अगदी हळू एका बाजूला सरकवत नेतो, घाबरवत नाही. पुढे एका लांब दोरीवर ओळीने बारीक फासे मांडलेले असतात. पाखरं पायांनी चालत जाऊन त्यांत अडकतात. ना बार, ना छर्रे. घाई केली की सगळं फुकट.

मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या जातीजमातींवर आर. व्ही. रसेल यांचा ग्रंथ १९१६ साली आला. त्यात पारध्यांचे गट दिलेत, आणि बहुतेक नावं साधनांवरून किंवा कामावरून पडलेली. फासे लावणारे ते फासेपारधी. पाळीव चित्ता घेऊन हरणामागे जाणारे चित्तेपारधी. जात्यांना टाकी लावणारे टाकणकार. गुराआडून जाणारे गायके. आणि अंगावर फक्त एक पट्टी नेसणारे ते लंगोटी पारधी. म्हणजे प्रेक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: होतं, आपल्याकडेही शिकारीचं साहित्य होतं, इतकं की माणसांची जात त्या साहित्याच्या नावाने ओळखली गेली. यातली काही नावं आजही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. मात्र पेहरावाचं नाव मिळालं ते ज्याच्याकडे पेहराव नव्हता त्याला. जाकीटवाल्याला कुणी ‘जाकीट शिकारी’ म्हटलं नाही. त्याला रावसाहेब म्हणत.

मैलापूरच्या देवळातही असा एक बिनखिशाचा शिकारी आहे. पंगुणी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलकडे, इथे त्रेसष्ट शैव संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. त्यांत एक कण्णप्पर. जातीने व्याध, काळहस्तीच्या शंकराचा भक्त. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’मध्ये त्याची कथा सांगितली. देवाला न्यायला त्याच्या एका हातात मांस, दुसऱ्या हातात धनुष्य. मग पाणी कशात न्यायचं? तोंडात. फुलं? केसांत खोचून. एरवी ज्याला देवळाच्या पायरीपाशीही थांबू देत नसत, त्याच्या नावाने आज इथले रस्ते गर्दीने भरतात.

त्याच मिरवणुकीत, तलावाच्या कठड्याशी, नरिक्कुरवर बाया मण्यांच्या माळा घेऊन बसलेल्या असतात. पहिली दोन वर्षं मी त्यांना चुकवूनच जात होतो, हे कबूल करतो. भाव न विचारता हात हलवायचा, पुढे निघायचं. एकदा एक बाई आपल्या मुलाला माळा मोजून देत होती आणि तिचे शब्द माझ्या कानाला खटकले. ते तमिळ नव्हते. नीट ऐकलं तर मराठीही नव्हते, पण अनोळखीही नव्हते. थर्स्टन यांनी तिला मराठी म्हटलं खरं, पण त्यांची वाग्रीबोली गुजरातीच्या अधिक जवळ आहे आणि तिच्यात वाटेत भेटलेल्या अनेक भाषांचे शब्द मिसळले आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात आपल्याकडची पारधी बोलीही भिल्ली गटात, गुजरातीच्या शेजारी येते. म्हणजे ‘रानमराठे’ हे नाव भाषेच्या हिशोबात चुकीचं असेल, पण वाटेच्या हिशोबात बरोबर आहे. ही माणसं मराठी मुलखातून आली, असंच इथल्या लोकांना दिसलं.

आता एक हिशोब मांडतो. मैलापूरच्या मराठी माणसांविषयी विचारा, आम्ही अभिमानाने दोन नावं सांगतो. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव. निवृत्तीनंतर ते मैलापूरला राहिले आणि १८९१ साली वारले. दुसरे दिवाणबहादूर आर. रघुनाथराव. त्यांच्या मैलापूरच्या घरी डिसेंबर १८८४मध्ये जी बैठक झाली, तिचं नाव काँग्रेसच्या जन्मकथेत घेतलं जातं. दोघेही तंजावरी देशस्थ परंपरेतले. त्यांच्या घरातली मराठीही तमिळ-तेलुगूने भरलेली होती, तरी ती आपली. तलावाच्या पायरीवरची वाग्री मात्र आपली नाही. बंगल्यातला शब्द बदलला तर आपण त्याला संस्कार म्हणतो, पायरीवरचा बदलला तर भेसळ.

पुढचं थोडक्यात. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या साखळीत पारध्यांचे अनेक गट अडकले. हजेरी, पोलीस पाटलाची परवानगी, गावात पाऊल टाकताच संशय. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, संशय गेला नाही. मग वन्यजीव कायदा आला. तो यायलाच हवा होता, माळढोक आणि तणमोर यांची आज जी अवस्था आहे ती पाहता उशिराच आला. आणि पारधीही काही साधुसंत नव्हते, विकायला जिवंत लावे-तित्तर ते टोपल्या भरून आणत. पण कायद्याचं ओझं सारखं पडलं नाही. आजोबांनी जाकीट खुंटीला लावलं, बंदूक जमा केली आणि शेती पाहिली. बैलावर हात ठेवणाऱ्याकडे खुंटीही नव्हती. इथल्या नरिक्कुरवरांनी ठासणीच्या बंदुका बाजूला ठेवून मणी ओवले. तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांना घेणारं विधेयक संसदेने मंजूर केलं ते डिसेंबर २०२२मध्ये.

ज्ञान मात्र वाया जायलाच हवं असं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कामात परंपरागत पक्षी पकडणाऱ्या मीरशिकारींची मदत घेतली, कारण पंख न दुखावता पाखरू धरणं त्यांना येत होतं. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारधी कुटुंबं गवताळ माळ आणि तणमोराची घरटी राखतात. घरटं कुठे असेल हे ज्याला कळतं, त्यालाच ते वाचवताही येतं.

तेव्हा, जाकीट कसं निवडावं विचारणाऱ्या मित्रा, खांदा मोकळा ठेव आणि वजन कंबरेवर घे, इतकं पुरे. माझी उलट एक विनंती आहे, तुला आणि सगळ्यांनाच. तुमच्या घरी शिकारीचा जुना फोटो असेल तर कडेला कोण उभा आहे ते बघा. घरात एखादं वयस्कर माणूस असेल तर आजच त्याचं नाव विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. मी विचारलं तेव्हा आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि नाव ठाऊक असलेला तो शेवटचा माणूस होता.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.